कच्च्या मासळीचं पहिलं ताट

भाचीच्या वाढदिवसाला आम्ही बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका हॉटेलात गेलो होतो. ताट आलं तसं तिने भाताच्या मुटक्यावरची गुलाबी फोड काट्याने जराशी उचलली, खालून निरखून पाहिली आणि हळूच विचारलं, "मावशी, हे सगळं कच्चं आहे?" ताटात चार प्रकार होते. त्यांतले दोन शिजवलेले होते. ते कळल्यावर तिने आधी त्या दोघांचा फडशा पाडला आणि मन निवांत झाल्यावर तिसऱ्याला हात लावला. पहिल्यांदा खाणाऱ्याने हीच वाट धरावी असं मला वाटतं.

माझं शिक्षण आहारशास्त्राचं, इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेलं. घर कायस्थ प्रभूंचं, त्यामुळे मासळी पानात पहिल्यापासून. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी सोड्यांचा पत्र्याचा डबा कायम भरलेला असे, कारण मुंबईहून बडोद्याला येणारा पाहुणा सोडे आणल्याशिवाय येतच नसे. ताजी मासळी तेव्हा रोज मिळायची नाही. आता वेरावळची मासळी रात्रभराच्या प्रवासाने थर्मोकोलच्या खोक्यांतून इथे पोचते आणि हॉटेलांतून नॉर्वेचा सामनही मिळतो. ओळखीची मंडळी मला सारखी विचारतात: कच्ची मासळी फार पौष्टिक असते म्हणे, खरं का? मुलांना द्यावी का? घरी करता येईल का?

थोडक्यात उत्तर असं की कच्ची असल्यामुळे मासळीचं पोषण फारसं वाढत नाही. त्यात जे चांगलं आहे ते मासळीचंच आहे आणि वाफवलेल्या बांगड्यातही ते जवळपास तेवढंच मिळतं. तरीही कच्ची मासळी आवडीने, चवीने, नीट ठिकाणी खायला काहीच हरकत नाही. ती कशी खायची ते आता क्रमाने सांगते.

पहिली पायरी: ताटात काय आहे ते ओळखा

सुशी म्हणजे कच्ची मासळी, हा समज आधी काढून टाका. सुशी हे नाव भातावरून आहे. व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेल्या चिकट भाताबरोबर जे येईल ते सुशी, मग ती काकडी असो की अंड्याची गोडसर वडी. भाताच्या लांबट मुटक्यावर मासळीची फोड ठेवली की निगिरी. समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यात भात आणि सारण गुंडाळून वड्या पाडल्या की माकी. भात अजिबात नसेल, नुसत्या मासळीच्या फोडी असतील तर ती साशिमी.

शिजवलेलं काय असतं? कोलंबी बहुतेक वेळा उकडलेली असते. 'उनागी' म्हणजे वामेसारखा लांबडा मासा. तो नेहमी भाजलेलाच येतो, कारण त्याच्या रक्तात विष असतं आणि ते उष्णतेनेच जातं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची 'क्रॅब स्टिक' मुळात खेकड्याची नसतेच. पांढऱ्या मासळीचा लगदा, स्टार्च आणि साखर घालून शिजवलेली ती कांडी असते, त्यामुळे तिच्याकडून पोषणाची फार अपेक्षा ठेवू नका. कच्चे येतात ते सामन, ट्यूना, हामाची (म्हणजे यलोटेल मासा), मोठ्या शिंपल्यातला स्कॅलप. नारिंगी मोत्यांसारखे दाणे म्हणजे सामनची खारवलेली गाबोळी. आपण गाबोळी तळतो किंवा तिचं कालवण करतो, जपानी लोक ती मिठात मुरवतात.

जपानच्या बाहेरही अशी ताटं आहेत. पेरू देशाचं सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली मासळी. हवाईचं पोके म्हणजे सोया सॉसमध्ये घोळवलेले ट्यूनाचे चौकोनी तुकडे. नेदरलँड्समध्ये हलकी खारवलेली हेरिंग कांद्याबरोबर शेपटीला धरून खातात. थंड धुराचा स्मोक्ड सामनही कच्चाच असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सँडविचमध्ये दिसतो म्हणून तो शिजलेला असेल असं धरून चालतात.

एक गोंधळ खास आपल्याकडचा आहे. मेनूवर 'इंडियन सामन' लिहिलेलं असेल तर तो आपला रावस. रावस उत्तम मासा आहे, पण सामनच्या कुळाशी त्याचं काही नातं नाही. पुढे मी सामनचे जे आकडे देते ते रावसाला लागू नाहीत, आणि सामन कच्चा चालतो म्हणून रावसही चालेल असं तर मुळीच नाही.

दुसरी पायरी: पदरात काय पडतं ते समजून घ्या

इथे जरा थांबते, कारण मासळी खाण्याचं कारणच हे आहे.

शेतात, म्हणजे समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत, वाढवलेल्या अटलांटिक सामनच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 208 कॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं आणि 13 ग्रॅम चरबी असते. यलोफिन ट्यूनाच्या तेवढ्याच मांसात सुमारे 109 कॅलरी, 24 ग्रॅम प्रथिनं आणि चरबी जेमतेम अर्धा ग्रॅम. दोन्ही 'कच्ची मासळी'च, पण शरीराला मिळतं ते किती वेगळं! वजन कमी करायचं असेल, नुसती प्रथिनं हवी असतील, तर ट्यूना. मासळीचं तेल हवं असेल तर सामन.

आणि ते तेल हवंच असतं. ओमेगा-3 मधली ईपीए आणि डीएचए ही दोन आम्लं मुख्यतः समुद्रातूनच मिळतात. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या बांधणीत डीएचए असतं. मोठ्या माणसाला दोन्ही मिळून रोज 250 मिलिग्रॅम पुरेसं मानतात. शेतातल्या सामनच्या 100 ग्रॅममध्ये ती 2 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे आठवडाभराची बेगमी एका जेवणात होते. आपल्या बडोद्यात अळशीचं नाव लगेच निघतं. अळशी चांगली आहे, जरूर खा, पण तिच्यातलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं आहे. शरीर त्यातला थोडाच भाग ईपीएत बदलतं आणि डीएचएत तर फारच कमी.

पुढचं बी-12. माझ्याकडे येणाऱ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टात सगळ्यात जास्त वेळा लाल अक्षरात दिसतं ते हेच. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि 100 ग्रॅम सामनमध्ये तीन मायक्रोग्रॅमच्या वर मिळतं. कालवांत तर त्याच्या कितीतरी पट. ड जीवनसत्त्वही तेलकट मासळीत मुबलक असतं: सामनमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 11 मायक्रोग्रॅम, आणि आपल्याकडे शिफारस आहे दिवसाला 15 ची. शिवाय आयोडीन आणि सेलेनियम.

कालवांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. पॅसिफिक जातीच्या 100 ग्रॅम कालवांत फक्त 80 च्या आसपास कॅलरी असतात, पण जस्त तब्बल 16-17 मिलिग्रॅम. पुरुषाची दिवसाची शिफारस 17 ची आहे. इतकं जस्त देणारं दुसरं अन्न मला माहीत नाही. परदेशात ती कवच उघडून, लिंबू पिळून, जिवंतच खातात. कोकणात आपण खडकावरून टोचून काढतो आणि कालवण करतो. मी कोकणच्या बाजूने आहे. कालव पाणी गाळून जगतं, मोठं कालव दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतं, आणि त्या पाण्यात जे काही असेल ते त्याच्या अंगात साठतं. जस्त कालवणातही राहतं, जंतू मात्र मरतात.

आता एक हिशेब, जो जाहिरातीत कधी सांगत नाहीत. निगिरीच्या एका नगात मासळी दहा-पंधरा ग्रॅमच असते, बाकी भात. आठ नग खाल्ले तेव्हा कुठे शंभर ग्रॅम मासळी पोटात जाते, आणि तिच्याबरोबर साखर घातलेला वाटीभर भात. माकीत मासळी त्याहून कमी. मेयोनेझचा फवारा मारलेली, कुरकुरीत तळलेली माकी असेल तर तिला पौष्टिक म्हणणं सोडून द्या. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे 2000 ची. रक्तदाब असणाऱ्यांनी सॉसची वाटी भरूच नये. पोषणाच्या हेतूने जात असाल तर साशिमी मागवा.

तिसरी पायरी: कच्चं आणि शिजलेलं यांत खरा फरक किती?

कच्च्या बाजूने बोलायचं तर उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. आर्क्टिकमधले इनुइट लोक फळं-भाज्यांशिवाय राहत असूनही त्यांना स्कर्वी (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) होत नसे, त्यामागे व्हेलची कातडी कच्ची खाण्याची चाल होती. पण आपण क जीवनसत्त्व मासळीतून घेतच नाही. आपल्याकडे लिंबू आहे, आवळा आहे, पेरू आहे. पाण्यात उकळल्यावर काही ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, पण आपण ते पाणी कालवण म्हणून भातावर घेतोच. मोठा तोटा होतो तो तळण्यात. तेलकट मासा भरपूर तेलात तळला की त्याचं चांगलं तेल कढईत जातं आणि कढईतलं तेल माशात येतं. रव्यात घोळवलेल्या सुरमईच्या तुकडीवर माझाही जीव आहे, पण ओमेगा-3 मोजायला मी ती तुकडी धरत नाही.

शिजवण्याच्या बाजूने एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. काही माशांत आणि शिंपल्यांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं आणि उष्णतेने निकामी होतं. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या एका फार्मवर कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्ची मासळी खायला घालत. त्यांचे पाय लुळे पडू लागले आणि कोल्हे मरायला लागले, तेव्हा या गोष्टीचा माग लागला. महिन्यातून एकदा साशिमी खाणाऱ्याला याची भीती नाही. पण 'रोज कच्चंच खायचं' असा नेम कुणी धरत असेल तर त्याला ही कोल्ह्यांची हकीकत जरूर सांगावी.

म्हणून पोषणाच्या तराजूत कच्ची साशिमी आणि वाफवलेली मासळी जवळपास बरोबरीला उतरतात. तळलेली खाली जाते.

चौथी पायरी: काय कधीच कच्चं खायचं नाही

गोड्या पाण्यातलं काहीही. हा नियम पाठच करा. रोहू, कटला, मरळ, नर्मदेतून किंवा तलावातून आलेला कुठलाही मासा. थायलंडच्या ईशान्येला आणि लाओसमध्ये नदीचे मासे कच्चे कुटून खायची रीत आहे. त्यातून यकृतात चपटे कृमी शिरतात, वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतात आणि तिथे कॅन्सर होतो. लिंबू, मिरची, दारू यांतलं काहीही त्या कृमीचा भरवशाने नायनाट करत नाही.

गोड्या पाण्यातला खेकडाही कच्चा किंवा अर्धाकच्चा नको. आपल्याच देशात मणिपूर-नागालँडकडे अशा खेकड्यांतून फुप्फुसात कृमी जातात. खोकल्यातून रक्त पडतं आणि क्षय समजून माणसाला महिनोन् महिने चुकीची औषधं दिली जातात.

बाजारातली समुद्राची मासळीही घरी कच्ची खायची नाही, कितीही ताजी असली तरी. माझी आई मासळी घेताना आधी कल्ला उचलून लाली बघायची, मग डोळ्यातली चकाकी, मग पोटाजवळ अंगठ्याने दाबायची आणि खळगा लगेच भरून येतो का ते पाहायची. खळगा राहिला तर एक शब्द न बोलता पुढच्या पाटीकडे. ही पारख सोन्यासारखी आहे, पण ती कालवणासाठी आहे. मांसात दडलेले कृमी किंवा जंतू कल्ल्याच्या लालीवरून कळत नाहीत. शिवाय तो बर्फ कुठल्या पाण्याचा, ती सुरी आधी कशावर चालली, हेही आपल्याला माहीत नसतं.

पाचवी पायरी: गोठवणं म्हणजे काय ते कळू द्या

पुष्कळांना वाटतं की हॉटेलातली चांगली साशिमी म्हणजे 'आत्ताच पकडलेली'. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा कडक गोठवलेली असते, आणि असावीच. समुद्री माशांत अनिसाकिस नावाचा सुतासारखा कृमी असतो. तो पोटात गेला तर जठराच्या अस्तराला चिकटतो आणि काही तासांत असह्य कळा सुरू होतात. तो मारायला गोठवणं हा खात्रीचा उपाय आहे. युरोपातला नियम गाभ्यापर्यंत उणे 20 अंशाला किमान 24 तासांचा. अमेरिकेत उणे 20 ला 7 दिवस, किंवा उणे 35 ला घट्ट गोठवून पुढे त्याच तापमानात 15 तास. नेदरलँड्समध्ये हेरिंग आधी गोठवणं 1968 सालापासून सक्तीचं आहे, कारण तिथे लोक याच कृमीने आजारी पडत होते.

घरचा फ्रीजर उणे 18 च्या आसपास असतो, दिवसातून दहादा उघडतो आणि मे महिन्यात वीज गेली की तोही गळू लागतो. त्याच्या भरवशावर घरी साशिमी करू नका.

शेतातला सामन इथे वेगळा पडतो. तो गोळीखाद्यावर वाढतो, कृमी असलेले लहान मासे खात नाही, म्हणून त्यात धोका फार कमी. जपानमध्ये पूर्वी सामन कच्चा खातच नसत, कारण तिकडच्या रानटी सामनमध्ये कृमी असायचे. 1980 च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला शेतातला सामन तिथे नेला, वर्षानुवर्षं चिकाटीने पटवलं, तेव्हा कुठे सामनची निगिरी जन्माला आली. आज जगभर तीच सुशीची ओळख आहे.

गोठवण्याने कृमी मरतात, जंतू मरत नाहीत. ते नुसते झोपतात. मासळी पुन्हा उबेत आली की जागे होतात. म्हणून पुढची पायरी.

सहावी पायरी: बडोद्यात कुठे आणि कधी

हे मी स्वतः सोसून शिकले. एका एप्रिलच्या दुपारी मी घरी ट्यूनाची माकी मागवली. डबा आला तेव्हा हाताला कोमट लागला. ते जाणवलं, तरी मी खाल्ली. जिभेवर मिरीसारखी चुरचुर झाली. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, कान गरम, डोकं ठणकायला लागलं आणि छातीत धडधड. ॲलर्जी वाटली. डॉक्टरांनी औषध दिलं, संध्याकाळपर्यंत उतरलं, आणि त्यांनी समजावलं की ही ॲलर्जी नव्हे, हिस्टॅमिनची विषबाधा आहे. ट्यूना, बांगडा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी उबेत राहिली की जंतू त्याचं हिस्टॅमिन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टॅमिन ना शिजवून जातं, ना गोठवून. बाजारातून आणलेला बांगडा स्कूटरच्या डिकीत तासभर राहिला तर त्यालाही हेच लागू.

तेव्हा पहिला नियम: कच्ची मासळी घरपोच मागवायची नाही. मार्चपासून जूनपर्यंत तर नाहीच. हॉटेलात बसून, ताट समोर येताच खायची.

हॉटेल निवडताना भपका पाहू नका, खप पाहा. आठवड्यातून दोनदाच सुशी विकली जाते तिथे मासळी पडून राहते. फोन करून सरळ विचारा: कच्ची मासळी कोणकोणती आहे? गोठवलेली येते का? कोणत्या वारी येते? कच्च्यासाठी सुरी आणि पाट वेगळे आहेत का? ज्यांचं काम चोख आहे ते आनंदाने सांगतात, काही जण आत बोलावून दाखवतातही. 'मॅडम, एकदम फ्रेश' एवढंच उत्तर आलं तर शिजवलेलं काहीतरी मागवा. 'सुशी ग्रेड' या शब्दावरही विसंबू नका, अमेरिकेतसुद्धा त्याला कायद्याची व्याख्या नाही.

समोर आलेली फोड थंड, चकचकीत आणि घट्ट असली पाहिजे. वास समुद्राच्या वाऱ्यासारखा हलका. अमोनियाचा किंवा उग्र वास आला, कडा सुकून गडद झाल्या असतील, तर ताट परत करा. भीड ठेवू नका.

हे कुणी खाऊ नये

गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, वयोवृद्ध, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. यांच्यासाठी कच्ची मासळी नाहीच, आणि स्मोक्ड सामनही नाही, कारण थंडीतही वाढणारा लिस्टेरिया जंतू त्यात असू शकतो आणि तो गर्भाला घातक ठरतो. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवं तोंडालाही लावू नयेत. व्हिब्रिओ जातीचा एक जंतू त्यांच्या रक्तात शिरला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनीही जपावं, पोटातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी असतो.

पण गरोदरपणात मासळीच बंद, असं कृपा करून करू नका. सासूबाई, आई, शेजारणी सगळ्या एकदम 'मासे नको' म्हणतात आणि बाळाला डीएचएची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ते तुटतं. शार्क म्हणजे मुशी, स्वोर्डफिश, मोठा बिगआय ट्यूना अशा पाऱ्याचं प्रमाण जास्त असणाऱ्या मोठ्या शिकारी माशांपासून दूर राहायचं. तारली, बांगडा, मांदेली, कोलंबी नीट शिजवून आठवड्यातून दोनदा पानात असू द्या.

सातवी पायरी: पहिली ऑर्डर

रिकाम्या पोटी भरमसाट मागवू नका. उकडलेल्या कोलंबीची निगिरी आणि काकडीची माकी आधी, म्हणजे भाताची चव आणि शेवाळाचा वास ओळखीचा होतो. शेवाळाची चव जराशी सुक्या जवळ्याच्या वळणावर जाते, आपल्याला ती परकी वाटत नाही. मग सामनची निगिरी. सामन लोण्यासारखा विरघळतो आणि नवख्यालाही झेपतो. ट्यूना त्याच्यानंतर, त्याला किंचित रक्ताची, लोहाची चव असते. गाबोळी आणि कालवं पुढच्या खेपेला.

निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, जपानमध्येही खातात. उलटी करून मासळीची बाजू सॉसला टेकवा, भाताची नव्हे, नाहीतर भात सॉस पितो आणि मीठ वाढतं. हिरवा वसाबी, म्हणजे ताटातली झणझणीत चटणी, मोहरीच्या दाण्याएवढा घ्या. तो नाकात जातो, आणि बहुतेक ठिकाणी तो खरा वसाबी नसून हिरवा रंग दिलेलं हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ असतं. त्याने जंतू मरतात या भरवशावर राहू नका. गुलाबी आल्याचे काप दोन प्रकारांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतात.

घरी गेल्यावर जोराच्या उलट्या, पोटात कळा, ताप, जुलाबात रक्त यांतलं काही झालं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि कच्ची मासळी खाल्ली हे सांगायला विसरू नका. बडोद्यात डॉक्टरांच्या मनात ती शक्यता आपण होऊन यायची नाही.

ज्यांना कच्चं नकोच, त्यांच्यासाठी

माझ्या घरी महिन्यातून तीनदा हे होतं. दोनशे ग्रॅमचा बांगडा साफ करून त्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन तिरक्या चिरा द्या. मीठ, हळद आणि लिंबू लावून फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा. ओलं खोबरं, कोथिंबीर, आलं, दोन मिरच्या वाटून चिरांत भरा. खंडेराव मार्केटातून आणलेलं केळीचं पान आचेवर फिरवून मऊ करा, त्यात बांगडा गुंडाळा आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवा. काट्याने दाबल्यावर मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटलं आणि माशाच्या मधल्या हाडाजवळ गुलाबी राहिलं नाही की झालं. वाफवण्यात वास फारसा पसरत नाही, त्यामुळे शाकाहारी सोसायटीत राहणाऱ्यांनाही हे जमतं.

पान उघडताना ते ताटलीत धरा. तळाशी पिवळसर पाणी साठलेलं असतं आणि त्यावर तेलाचे बारीक थेंब तरंगत असतात. तेच ते माशाचं तेल. ते सगळं गरम भातावर ओता.